बिऱ्हाड हलविण्यापूर्वी : बडोद्यास दोन दिवस

गाव बदलणे ही गोष्ट बृहन्महाराष्ट्रातील मराठी घरांना नवी नाही. इंदूर, ग्वाल्हेर, देवास, धार, बडोदे येथे जी मराठी कुटुंबे आज पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत, त्यांचा मूळपुरुष कधी ना कधी घाटावरून वा कोकणातून बिऱ्हाड पाठीशी बांधून निघालाच होता. होळकर, शिंदे, पवार आणि गायकवाड यांच्या फौजांबरोबर, त्यांच्या दफ्तरांबरोबर आणि पुढे शाळा-कचेऱ्यांबरोबर ही माणसे गेली. जेथे जायचे ते गाव अगोदर एकदा पाहून यावे, ही चैन त्यांच्या नशिबी नव्हती. घरातील बायकामुलांना तर कोठे जात आहोत हे बैलगाडीत बसल्यावरच कळत असेल.

आपली स्थिती तशी नाही. शुक्रवारी रात्री गाडीत बसावे, शनिवार-रविवार नव्या गावी काढावेत आणि सोमवारी सकाळी पुन्हा आपल्या कामावर हजर व्हावे, एवढी सोय आज बहुतेकांना आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की त्या दोन दिवसांत पाहायचे काय? यंदाच्या आषाढात हा प्रश्न आमच्या घरी उभा राहिला. आम्हा उभयतांपैकी एकाला बडोद्याच्या एका कारखान्यात चांगले काम चालून आले होते आणि होकार-नकार महिनाअखेर कळवायचा होता. घरात आम्ही दोघे, सहावीत शिकणारी कन्या आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या आई. इंदुरात चार पिढ्या झालेल्या. बडोदे रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरांच्या आतबाहेर. म्हटले तर जवळ, म्हटले तर दुसरे राज्य, दुसरी भाषा आणि दुसरे पाणी.

बडोद्यास जाऊन आल्याचे सांगितले की माणसे विचारतात, लक्ष्मीविलास राजवाडा पाहिलात का? १८९० साली पुरा झालेला तो राजवाडा पाहण्यासारखा आहे, यात शंका नाही. कीर्तिमंदिरातील नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे तर एकट्या त्यांच्यासाठी प्रवास करावा अशी आहेत. पन्नासेक किलोमीटरांवर पावागड आणि चांपानेर आहेत. २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत त्यांचे नाव आहे. त्याहून पुढे नर्मदातीरी सरदार पटेलांचा पुतळा आहे. तो दाखविल्याशिवाय बडोद्याचे नातेवाईक पाहुण्याला सोडीत नाहीत. आम्ही मात्र निघण्यापूर्वीच ठरविले, की यांतले काहीही पाहायचे नाही. राजवाडा पुढील शंभर वर्षेही तेथेच असणार आहे. राहावयास गेलो तर तो सावकाश पाहता येईल. न गेलो तर त्यासाठी पुन्हा वेगळे जाता येईल. पाहुण्याचे बडोदे वेगळे आणि बिऱ्हाडकरूचे वेगळे. दोन दिवसांत दोन्ही पाहू म्हणणाऱ्यास एकही धड दिसत नाही.

मग आम्ही एक वही केली आणि तिचे चार भाग पाडले. घरातील प्रत्येकाने आपल्या मनातला सर्वांत अवघड प्रश्न आपापल्या भागात स्वतःच्या हाताने लिहावा, असे ठरले. ज्याला नोकरी होती त्याने लिहिले, “रोजचे जाणे-येणे किती वेळाचे?” घर चालविणाऱ्या हाताने लिहिले, “पावसाळ्यात पाणी कोठवर येते, आणि आपल्याला घर कोण देईल?” कन्येने लिहिले, “माझ्याशी कोण बोलेल, आणि कोणत्या भाषेत?” आईंनी बराच वेळ काही लिहिले नाही. शेवटी त्यांच्या बारीक मोडीवळणी अक्षरात एकच ओळ उमटली : “संध्याकाळी मी कोठे जाऊ?” ही चार वाक्ये हाच आमच्या दोन दिवसांचा नकाशा झाला. ज्या ठिकाणी यांपैकी एकाचेही उत्तर मिळण्याचा संभव नाही, ते ठिकाण यादीतून गळाले.

ऋतूची निवड हा पहिला महत्त्वाचा निर्णय. सहलीला जाणारा हिवाळा निवडतो. डिसेंबरात कोणते गाव वाईट दिसते? गावाची परीक्षा करावयाची तर त्याचा सर्वांत अवघड काळ निवडावा. बडोद्याला अवघड काळ दोन. एक वैशाखाचा. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, बडोदे चाळीस मीटरांच्या आसपास; मालव्यातील उन्हाळ्याच्या गार रात्री तेथे मिळणार नाहीत, हे नकाशावरूनही कळते. दुसरा काळ पावसाळ्याचा, आणि तो प्रत्यक्ष पाहिल्यावाचून कळत नाही. पावागडाच्या डोंगरात उगम पावणारी विश्वामित्री नदी शहराच्या मधून नागमोडी वाहते. सयाजीराव महाराजांनी गावाला पाणी मिळावे म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधविलेला अजवा तलाव भरला, की त्याचे जादा पाणीही याच नदीत उतरते. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळून शहर पाण्यात बुडाले. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस नदी धोक्याची पातळी कितीतरी ओलांडून वस्त्यांत शिरली आणि काही भागांत पाणी उतरावयास दिवस लागले. या नदीत मगरी आहेत. पुराबरोबर त्या अंगणांपर्यंत येतात आणि वनखात्याचे लोक व प्राणिमित्र त्यांना पकडून नेतात. इंदुरास नर्मदेचे पाणी सत्तर किलोमीटरांवरून चढवून आणावे लागते. पाणी आले नाही म्हणून चिंता करण्यात आमचा जन्म गेला. पाणी आले म्हणून चिंता करणारे गाव आम्हांस नवे होते. म्हणून आषाढ.

दुसरा निर्णय मुक्कामाचा. बडोद्यास आमचे दूरचे काका-काकू राहतात. त्यांच्याकडे उतरलो असतो तर दोन दिवस श्रीखंड-पुरीत आणि जुन्या आठवणीत गेले असते. शिवाय ज्याच्या घरी आपण उतरतो त्याच्याच डोळ्यांनी आपण गाव पाहतो. त्याची गल्ली चांगली, त्याचा डॉक्टर चांगला आणि त्याने सोडलेली पेठ वाईट. काकूंना राग येऊ नये म्हणून आम्ही रविवारी दुपारचे जेवण त्यांच्याकडे ठरविले आणि उतरलो मात्र कारखान्याच्या बाजूला, दक्षिणेकडील मांजलपूर भागातील एका साध्या लॉजमध्ये. जेथे राहण्याचा संभव आहे तेथेच निजावे, म्हणजे पहाटे कोणते आवाज येतात, दूधवाला किती वाजता येतो, नळाला पाणी केव्हा आणि किती जोराने येते, हे विचारावे लागत नाही.

शुक्रवारी रात्री निघालेली गाडी रतलाम, दाहोद, गोध्रा मागे टाकीत पहाटे स्थानकात शिरली. फलकावर ‘वडोदरा’ होते. आईंच्या तोंडी ‘बडोदे’. १९७४ साली नाव अधिकृतपणे बदलले, तरी मराठी घरांत जुने नाव अजून निवृत्त झालेले नाही.

शनिवारची सकाळ आम्ही पहिल्या प्रश्नाला दिली. पुष्कळ कारखाने शनिवारीही चालू असतात, म्हणून वर्दळीची खरी वेळ त्याच दिवशी सापडते. राहावयाच्या संभाव्य तीन वस्त्या आम्ही निवडल्या होत्या : कामाच्या जवळचे मांजलपूर, पूर्वेकडील वाघोडिया रस्ता आणि रेल्वेच्या पश्चिमेकडील गोत्री. तिन्ही ठिकाणांहून मकरपुरा औद्योगिक वसाहतीपर्यंत गर्दीच्या वेळी जाऊन पाहणे एका सकाळी शक्य नसते. त्यामुळे आम्ही एक दूरची वस्ती सकाळी आणि दुसरी संध्याकाळी रिक्षाने तपासली आणि प्रत्येक वेळी घड्याळ पाहून वहीत मिनिटे मांडली. फोनवरील नकाशा मिनिटे सांगतो खरा, परंतु फाटकाशी, पुलाशी आणि शाळा सुटण्याच्या वेळी रिक्षात बसून राहणे कसे वाटते, हे तो सांगत नाही. गोत्रीहून रोज जाणे-येणे करणारा माणूस घरी पोचेल, पण बोलण्यासारखा उरणार नाही, असा शेरा वहीत पडला आणि एक वस्ती कमी झाली.

दुसरा प्रश्न पाण्याचा. याबाबतीत एक नियम आम्हांस फार उपयोगी पडला, तो वाचकांनीही पदरी बांधावा : पाण्याविषयी घर दाखविणाऱ्यास विचारू नये. घर दाखविणारा दलाल, घराचा मालक आणि सोसायटीचा चिटणीस हे तिघेही सांगतात की आमच्याकडे पाणी येत नाही. ते खोटेच बोलतात असे नाही. “येत नाही” म्हणजे “फार येत नाही” असा त्यांचा अर्थ असतो. खरे उत्तर तळमजल्यावर काम करणाऱ्यांकडे असते. एका वस्तीत आम्ही कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यास विचारले, चोवीस साली येथे पाणी कोठवर होते? तो काही बोलला नाही. त्याने हात आपल्या कमरेशी नेला, मग टपरीच्या लाकडावरची एक मळकट रेघ दाखविली आणि पुन्हा इस्त्रीस लागला. दुसऱ्या वस्तीत वाण्याने आपली सर्वांत खालची फळी रिकामी ठेवलेली दिसली. कारण विचारण्याची गरजच पडली नाही. एका इमारतीत विजेचे मीटर जमिनीलगत होते, दुसऱ्या इमारतीत ते नुकतेच वर उचलून बसविलेले होते. जो धडा घेतो तो मीटर उचलतो. तळमजल्यावरील घर कितीही हवेशीर असले तरी घ्यावयाचे नाही आणि आईंसाठी जिना चढण्यास सोपा असावा, अशी दोन वाक्ये त्या सकाळी पक्की झाली.

“आपल्याला घर कोण देईल?” हा त्याच प्रश्नाचा दुसरा भाग. तो लिहिताना थोडी भीती होती आणि ती अनाठायी नव्हती. एक दुसऱ्या मजल्यावरचे घर आम्हां सर्वांस आवडले. हवा होती, उजेड होता, शाळा जवळ होती. मालक अगत्यशील होते. त्यांनी चहा दिला. मग आडनाव विचारले, मूळ गाव विचारले आणि शेवटी घरात मासे-मटण शिजते का, ते विचारले. आमच्या घरी सणवार सोडून कधीमधी मासे होतात. आम्ही होते ते सांगितले. चहा संपला. दुपारी दलालाचा निरोप आला की ते घर कोणाला तरी आधीच कबूल झाले आहे. त्यात आरडाओरडा करण्यासारखे काही नव्हते. असे अनुभव इंदुरात आणि मुंबई-पुण्यातही येतात. परंतु असे घर पाहून, आवडून, खिडकीत पडदे कोणते लावावेत याचा विचार करून झाल्यावर नकार ऐकणे आणि आधी विचारून घेऊन दुसऱ्या दाराकडे वळणे यांत फरक आहे. दुपारनंतर आम्ही दलालास आधीच स्पष्ट सांगू लागलो. तिसऱ्या घराच्या मालकीणबाई हसून म्हणाल्या, “रांधो ने, बेन! वास आला तर आम्ही खिडकी लावून घेऊ.” त्यांची मराठी शेजाऱ्यांकडून शिकलेली होती.

या संदर्भात बडोद्याची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी याच गावी आले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या त्या तरुणास नोकरी होती, डोके टेकावयास जागा नव्हती. एका पारशी वसतिगृहात त्यांना पारशी नावाने राहावे लागले; अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथूनही बाहेर काढले. ज्या स्नेह्यांकडे त्यांनी आसरा मागितला, त्यांनी सबबी सांगितल्या. मुंबईच्या गाडीला अवकाश होता. तो वेळ त्यांनी कमाटीबागेत बसून काढला. त्या जागेस आज ‘संकल्पभूमी’ म्हणतात. आमच्या किरकोळ अडचणीची त्या अपमानाशी तुलना करणे हा उद्धटपणा होईल, आणि ती आम्ही करीत नाही. आम्ही एवढेच म्हणतो, की गाव म्हणजे त्याचा राजा नव्हे, त्याची नोकरीही नव्हे. गाव म्हणजे दाराशी आल्यावर दार उघडणारा किंवा न उघडणारा माणूस. विचारशील राजा, मोठे महाविद्यालय, भव्य इमारती हे सर्व असूनही दार बंद राहू शकते. म्हणून दार ठोठावून पाहणे हे दोन दिवसांतले अत्यावश्यक काम आहे.

घर विकत घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. गुजरातेत १९९१ चा एक कायदा आहे, त्याला बोलीत ‘अशांत धारो’ म्हणतात. ज्या भागांना तो लागू आहे, तेथे स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. बडोद्याचे अनेक भाग त्यात येतात. बयाणा देण्यापूर्वी ती चौकशी करावी. आमचा विचार तूर्त अकरा महिन्यांच्या भाडेकराराचा होता, त्यामुळे ती अडचण आली नाही.

तिसरा प्रश्न कन्येचा. शनिवारी सकाळी आम्ही दोन शाळांच्या फाटकांशी उभे राहिलो. आत जाऊन मुख्याध्यापकांशी बोलणे झाले. परंतु खरी माहिती शाळा सुटताना मुले आपापसांत कोणत्या भाषेत बोलतात यावरून मिळते. वर्गात इंग्रजी, फाटकाबाहेर गुजराती, रिक्षावाल्याशी हिंदी. मराठी क्वचित कानी आली. २०२३ साली गुजरात विधानसभेने केलेल्या कायद्यानुसार पहिली ते आठवीपर्यंत सर्व शाळांत गुजराती शिकविणे सक्तीचे आहे. सहावी-सातवीत येणाऱ्या मुलीला म्हणजे नवी लिपी शिकावी लागणार. हे ऐकून कन्येचा चेहरा उतरला. तिला आम्ही उपदेश केला नाही. रस्त्याने दुकानांच्या पाट्या वाचीत नेले. गुजराती लिपी म्हणजे डोक्यावरची रेघ काढून ठेवलेली आपली बाळबोध, थोड्या अक्षरांचे वळण निराळे, एवढे तिच्या ध्यानात आले. दुपारपर्यंत औषधाचे दुकान, केशकर्तनालय आणि फरसाणाचे दुकान या तीन पाट्या तिने स्वतः उलगडल्या. तेव्हा तिला सयाजीराव महाराजांची गोष्ट सांगितली. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली दत्तक म्हणून या अनोळखी गावी आणला गेला. त्याला लिहितावाचता येत नव्हते; येथे त्याने मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा शिकल्या. “पण त्याला राजवाडा मिळाला,” असे कन्येचे उत्तर आले. त्यावर आमच्याजवळ प्रत्युत्तर नव्हते.

शनिवारी दुपारी आईंना दोन तास विश्रांती दिली. वडीलधाऱ्यांना बरोबर न्यायचे तर हे दोन तास कार्यक्रमातच लिहून ठेवावेत. नाहीतर त्या “मी ठीक आहे” म्हणत राहतात आणि रविवारी गुडघा बोलू लागतो. आईंना घरी ठेवून जावे, असे काहींनी सुचविले होते. आम्हांस ते पटले नाही. गाव बदलल्याने ज्याला नवी खुर्ची आणि नवे सहकारी मिळतात, त्याचे सर्वांत कमी बदलते. ज्याचा दिवस शेजार, देऊळ आणि भाजीवाली यांवर उभा असतो, त्याचे सर्वच्या सर्व बदलते. निर्णयात ज्याचे मत शेवटी विचारले जाते, त्यालाच सर्वाधिक किंमत मोजावी लागते. म्हणून आई आल्या.

संध्याकाळी जुन्या गावात गेलो. रावपुरा, दांडिया बाजार या पेठांत मराठी वस्ती जुनी. वाडे कमी झाले, त्यांच्या जागी चार मजली इमारती आल्या, तरी नामफलकांवरून नजर फिरविली की आडनावे ओळखीची लागतात. हे गाव मराठी साहित्याचे एक ठाणे होते. १९०९, १९२१ आणि १९३४ साली मराठी साहित्य संमेलने येथे भरली. कवी माधव जूलियन यांचा जन्म येथला. चिमणरावांचे जनक चिं. वि. जोशी येथे पाली भाषा शिकवीत. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची मांडणी १९१० साली महाराजांनी अमेरिकेहून आणविलेल्या विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाने केली. मराठी पुस्तकांची कपाटे तेथे आहेत. आम्ही ते दुपारीच पाहून ठेवले होते, कारण घरात मराठी टिकवायची तर पुस्तके कोठे मिळतील, ही चौकशी आमच्या लेखी रेशनच्या चौकशीइतकीच महत्त्वाची होती.

परंतु इतिहासाने आईंच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नव्हते. ते विठ्ठलाच्या एका लहान देवळात मिळाले. आरतीपूर्वी पाच-सात बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. आई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. आम्ही मुद्दामच दूर खांबाशी राहिलो. बोलणे भाज्यांच्या भावावर आले तेव्हा त्यांतल्या एक आजी म्हणाल्या, “आमच्याकडे शाक महाग झालंय.” आई म्हणाल्या, “आमच्याकडे सब्जी.” क्षणभर शांतता झाली आणि मग दुसऱ्या आजींना हसू आवरेना. “अहो, तुम्ही सब्जी म्हणता, आम्ही शाक म्हणतो, मग भाजी म्हणायचं तरी कुणी?” मालव्याची मराठी आणि गुजरातची मराठी त्या भिंतीशी अशा भेटल्या. मात्र त्याच आजींनी पुढे सांगितले ते आम्ही वहीत तसेच उतरविले आहे. मुले पुण्याला, नातवंडे परदेशी. एकादशीला देऊळ भरते, इतर दिवशी आम्ही एवढ्याच. आमच्या सुनेला मराठी कळते, नातवाला कळत नाही. हे चित्र इंदुरातही वेगळे नाही. मांजलपुरास राहून रोज या देवळात येणे आईंना जमणार नाही, हेही स्पष्ट झाले. आठवड्यातून एकदा जमेल. उरलेल्या सहा संध्याकाळींसाठी जवळचे काही शोधावे लागेल. ते रविवारी सकाळी शोधले : वस्तीतले एक उद्यान, तेथे सकाळ-संध्याकाळ बसणाऱ्या गुजराती आजींचा एक घोळका, आणि चालण्यास सपाट वाट.

रविवारी काकूंकडे जेवलो. काकूंनी अपेक्षेप्रमाणे राजवाडा पाहिला का, हे विचारले आणि नाही म्हणताच कपाळाला हात लावला. त्यांना आम्ही एकच प्रश्न विचारला : “चाळीस वर्षांत हे गाव सोडावे असे केव्हा वाटले?” चांगले काय, हे माणूस न विचारता सांगतो; वाईट काय, हे विचारल्यास तो गावाची बाजू घेऊ लागतो. परंतु ‘केव्हा’ असे विचारले की त्याला एक दिवस आठवतो. काकूंनी दंगलीच्या दिवसांतल्या संचारबंदीच्या दोन रात्री सांगितल्या, पुरात गेलेले लग्नातले फोटो सांगितले आणि लगेच पुढे म्हणाल्या, पण त्या वेळी दूध शेजारच्या पटेलांनी आणून दिले. दोन्ही गोष्टी वहीत गेल्या.

परतीच्या गाडीपूर्वीचे तीन तास आम्ही मोकळे ठेवले होते. सयाजीबागेच्या दाराशी, काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळून पुलाखालचे विश्वामित्रीचे गढूळ पाणी पाहिले. कन्या मगर शोधीत होती. तिला दिसली नाही. मग बाहेर सेव-उसळ खाल्ली. पोहे-जिलबीवर वाढलेल्या इंदुरी जिभेने ती तिखट ठरविली, पण वाटी रिकामी झाली. गाडीत कोणी कोणाशी निर्णयाविषयी बोलावयाचे नाही, असे ठरले होते. प्रत्येकाने आपल्या प्रश्नाखाली आपले उत्तर आधी लिहावे आणि घरी पोचल्यावर चौघांनी एकत्र वाचावे. आधी बोलणे झाले असते तर ज्याचा आवाज मोठा त्याचे उत्तर सर्वांचे झाले असते.

सोमवारी रात्री वही उघडली. जाणे-येणे : मांजलपुराहून सोयीचे. पाणी : तळमजला वर्ज्य, घर मिळेल, पण दहा दारे ठोठावून. कन्येने लिहिले होते, “मला भीती वाटते. पण पाट्या वाचता येतात.” आईंच्या भागात दोन ओळी होत्या : “देऊळ लांब आहे. उन्हाळ्यात मी येथे येईन.”

त्या दुसऱ्या ओळीनेच आमचा निर्णय घडविला. होकार कळविला, पण त्याला आकार चौघांच्या उत्तरांनी दिला. इंदूरचे घर निदान दोन वर्षे विकावयाचे नाही, भाड्यानेही द्यावयाचे नाही. चैत्र-वैशाख आईंनी मालव्याच्या गार रात्रीत काढावेत. चुलत जाऊबाई सोबतीला खालच्या मजल्यावर आहेतच. ज्याची नोकरी आहे त्याने दिवाळीनंतर पुढे जावे. उरलेल्यांनी कन्येचे शाळेचे वर्ष संपल्यावर. तोवर तिने आठवड्यातून दोन दिवस गुजराती शिकावी आणि बडोद्यास गेल्यावर रोज रात्री आजीला एक मराठी पान वाचून दाखवावे. या व्यवस्थेला खर्च अधिक आहे. पगारातील वाढीचा बराच भाग तीतच जाईल. हिशेब मांडून पाहिला आणि तो आम्हांस मान्य झाला.

दोन दिवसांत गाव कळते, असे आमचे म्हणणे नाही. तेथे आपण सुखी होऊ की नाही, हे दोन वर्षांतही कळत नसेल. परंतु तेथे जाण्यासाठी घरातील कोणाला काय सोडावे लागेल, एवढे दोन दिवसांत निश्चित कळते, आणि बिऱ्हाड हलविण्यापूर्वी तेवढे कळणे पुरेसे आहे. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी आज ना उद्या असे पत्र येईल, पुण्याचे, हैदराबादचे, बंगळुरूचे किंवा सातासमुद्रापारचे. तिकिटे काढण्यापूर्वी एक वही काढावी. घरातील सर्वांत लहानाला आणि सर्वांत मोठ्याला आधी लिहू द्यावे. मग त्यांच्या प्रश्नांच्या मागे मागे ते गाव फिरावे. राजवाडे कोठे जात नाहीत.